हिल्डेगार्डचा मठ: नाहेकाठचा की ऱ्हाइनकाठचा?

जर्मनीतल्या ऱ्हाइन खोऱ्याच्या सहलीचे फोटो पाहिले की एक चूक हमखास सापडते. उतारावर द्राक्षमळे, त्यांच्या माथ्यावर अर्धगोल कमानींचा भक्कम दगडी मठ, आणि खाली लिहिलेलं असतं, ‘संत हिल्डेगार्डचा बाराव्या शतकातला मठ’. मळे खरे, मठही खरा, हिल्डेगार्ड या बाराव्या शतकातल्या जर्मन साध्वीचं नावसुद्धा खरं. फक्त त्या भिंतींचा बाराव्या शतकाशी काही संबंध नाही. त्या १९०० ते १९०४ दरम्यान उभ्या राहिल्या. मुंबईचं व्हीटी स्टेशन त्यांच्याहून पंधराएक वर्षांनी थोरलं आहे.

हा मठ र्‍युडेसहाइमजवळ आयबिंगेन गावाच्या वर आहे. ज्या मठात हिल्डेगार्डचं अर्धं आयुष्य गेलं, तो इथून बराच दूर, नाहे नदीच्या खोऱ्यात. त्याचं नाव डिझिबोडेनबर्ग. तिथे छप्पर असलेली जुनी इमारत शोधायला गेलात तर निराशा होईल, कारण उरले आहेत ते भग्नावशेष. दोन्हीकडे द्राक्षं, दोन्हीकडे रीसलिंग वाइन, दोन्हीकडे तीच संत, त्यामुळे गल्लत होणं साहजिक आहे.

आधी डिझिबोडेनबर्ग. ग्लान नदी नाहेला मिळते तिथे ओडर्नहाइम गावाजवळ एक टेकडी आहे. सातव्या शतकात डिझिबोड नावाचा आयरिश साधू इथे येऊन राहिला अशी आख्यायिका आहे. त्याचं चरित्र पुढे हिल्डेगार्डनेच लिहिलं. ११०८ मध्ये बेनेडिक्टिन पंथाच्या मठवाशांनी इथे नवं बांधकाम काढलं. १११२ मध्ये चौदा वर्षांची हिल्डेगार्ड युट्टा या तिच्याहून थोड्या मोठ्या सरदारकन्येबरोबर आत आली आणि दोघींना समारंभपूर्वक बंदिस्त करण्यात आलं. आपण ‘मठात गेली’ असं सहज म्हणतो, पण हा प्रकार वेगळा होता. जगाला मेलेली समजून उरलेला जन्म एका कोंडलेल्या जागेत काढायचा. बांधकाम अजून चालूच होतं, म्हणजे छिन्नी-हातोड्याच्या आवाजातच तिचं तारुण्य गेलं असणार. युट्टा ११३६ मध्ये वारली, तेव्हा तिथे जमलेल्या स्त्रियांनी हिल्डेगार्डला प्रमुख निवडलं. ११४१ पासून तिने आपले दृष्टान्त लिहून काढायला घेतले ते याच टेकडीवर.

ती तिथून बाहेर कशी पडली, ही गोष्टही ऐकण्यासारखी आहे. स्त्रियांचा वेगळा मठ काढायचा तिने ठरवलं, आणि मठाधिपती कुनो अडून बसला. नाव झालेली साध्वी गेली तर मान जाणार, आणि स्त्रियांनी सोबत आणलेल्या जमिनींचाही प्रश्न होताच. हिल्डेगार्ड आजारी पडली, अंथरुणाला खिळली. हा दैवी कोप आहे असं सगळ्यांना वाटू लागलं, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. त्या आजाराला काय म्हणायचं ते वाचकाने ठरवावं. मला त्यात सत्याग्रहाचा वास येतो.

११५० च्या सुमारास ती बिंगेनला, रूपर्ट्सबर्गला गेली. म्हणजे तिसरा मठ, आणि गोंधळात आणखी भर. हा मठ १६३२ मध्ये तीस वर्षांच्या युद्धात स्वीडिश सैन्याने जाळला, आणि उरलेसुरले अवशेष एकोणिसाव्या शतकात रेल्वेमार्गासाठी उडवण्यात आले. ११६५ मध्ये तिने नदीपलीकडे आयबिंगेनला आणखी एक मठ चालवायला घेतला. तिच्या चरित्रानुसार ती आठवड्यातून दोनदा नावेने ऱ्हाइन ओलांडून तिकडे जायची. तेव्हा तिचं वय सत्तरीच्या घरात होतं.

आयबिंगेनशी तिचा संबंध आहे तो हा. पण तिचा आयबिंगेन मठ आज दिसतो त्या डोंगरउतारावर नव्हताच. तो खाली गावात होता आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंद पडला. त्या जागी आज गावचं चर्च आहे, तेही १९३२ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेलं. वरचा भव्य मठ ही त्या परंपरेची नवी सुरुवात. १९०४ मध्ये प्रागहून आलेल्या ननांनी तो वसवला. बांधणाऱ्यांनी मुद्दाम बाराव्या शतकातली रोमनेस्क शैली वापरली, म्हणून डोळे फसतात. आत मात्र भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत आणि ती चित्रं विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहेत हे चटकन कळतं.

आता द्राक्षांचं. मठ आणि मद्य हे समीकरण आपल्याकडच्या वाचकाला विचित्र वाटतं, पण बेनेडिक्टिन पंथ ज्याच्या नावाने चालतो त्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीतल्या ४० व्या प्रकरणात प्रत्येक मठवाशाला रोज एक हेमिना, म्हणजे साधारण पाव लिटर वाइन पुरेशी आहे असं म्हटलेलं आहे. शिवाय मिस्साविधीला वाइन लागतेच. आयबिंगेनच्या नना आजही स्वतः मळे राखतात आणि स्वतःची वाइन काढतात. तिथे ऱ्हाइन काही अंतर पश्चिमेला वाहते, त्यामुळे उजव्या काठावरचे उतार दक्षिणेकडे तोंड करून ऊन खातात. ऱ्हाइनगाउ भागाच्या नावलौकिकाचं मोठं कारण हेच. डिझिबोडेनबर्गच्या उतारावरही द्राक्षं आहेत, पण मठवासी नाहीत. १२५९ मध्ये तिथे सिस्टर्शियन या दुसऱ्या पंथाचे मठवासी आले, १५५९ मध्ये धर्मसुधारणेच्या लाटेत मठ बंद झाला, आणि मग आसपासच्या गावांनी त्याची दगडखाण केली. आज चर्चच्या पायांची चौकट, खांबांचे बुंधे, भोजनगृहाच्या भिंती आणि त्यांच्यामधून वाढलेली मोठी झाडं एवढं दिसतं. त्यातही बराच भाग हिल्डेगार्डनंतरच्या सिस्टर्शियनांचा आहे.

कुठे जावं? मला विचाराल तर डिझिबोडेनबर्ग. तिथे पाहायला कमी आहे, पण जे आहे ते मध्ययुगातलं आणि त्या जागचं आहे. श्टाउडर्नहाइम स्टेशनवर उतरून चालत जाता येतं. चढ आहे, बूट बरे घाला. आयबिंगेनला जायचं ते ननांची प्रार्थनागीतं ऐकायला आणि दुकानात डोकवायला. तिथे ‘डिंकेल’ नावाच्या गव्हाचे पदार्थ मिळतात, कारण हिल्डेगार्डने त्याची फार स्तुती केली होती. हा म्हणजे आपला खपली असं बरेच जण सांगतात. तेही चूक. खपली वेगळा, डिंकेल वेगळा. फार तर चुलत भावंडं.

दोन्ही एका दिवसात करायचे असतील तर नकाशा नीट बघा. माइन्झपासून कोब्लेन्झपर्यंत ऱ्हाइनवर पूल नाही. बिंगेनहून र्‍युडेसहाइमला फेरीबोटीनेच जावं लागतं. आणि संतेच्या अस्थींचं दर्शन घ्यायचं असेल तर वरच्या मठात शोधत बसू नका. त्या खाली गावातल्या चर्चमध्ये, सोनेरी पेटीत आहेत. १७ सप्टेंबरला, तिच्या पुण्यतिथीला, त्यांची गावातून मिरवणूक निघते.