राजाआधी मीठ

सुटीत म्हापशाला आलेल्या भाचीने जेवणाच्या टेबलावर तिच्या कल्पित देशाचा नकाशा पसरला. राजघराणी पाच, झेंडे पाच, देव तर मोजायलाच नकोत. मी विचारलं, "यांना मीठ कुठून मिळतं?"

"मामा, मीठ कोण विचारतंय!"

माझ्या मते पहिला प्रश्न तोच. कुठल्याही मुलखाचे लोक ठरवायचे तर आधी वारा आणि डोंगर ठरवावे लागतात. आपला गोवाच घ्या. जूनपासून नैर्ऋत्येचं बाष्प सह्याद्रीला अडतं, वर चढताना थंड होतं आणि इथे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तोच वारा पलीकडे उतरताना तापून कोरडा होतो. म्हणून खाली भात नि नारळ, वर पठारावर ज्वारी नि कापूस. दोन्हीकडे एकच पिकलं असतं तर घाट चढायची तसदी कोण घेणार? मिठागरांतलं मीठ लमाणांच्या बैलांवर लादून वर जायचं ते यामुळेच. भाचीचं वाळवंट मात्र डोंगराच्या समुद्राकडच्या अंगाला होतं. (किनाऱ्याला थंड प्रवाह असेल तर तसंही होतं, पेरूत आहेच; पण तिच्या समुद्रात प्रवाहच नव्हते.)

समुद्रावरचा व्यापारही वाऱ्याच्याच तालावर. दख्खनच्या हवेत लढाऊ घोड्यांची पैदास नीट होत नसे. ते अरबस्तान-इराणकडून जहाजाने येत. घोडे उतरतात ते बंदर ज्याच्या हाती, त्याचं घोडदळ. विजयनगरकडून 1472 मध्ये बहामनींचा वजीर महमूद गावानने गोवा घेतला आणि 1510 मध्ये विजापूरच्या आदिलशहाकडून पोर्तुगीजांनी, यामागे हाही हिशेब होता. पावसाळ्यात मांडवीच्या तोंडाशी वाळूचा बांध आडवा येतो, शिडाची जहाजं अडकून पडत. परतीचा वारा सुटेपर्यंत महिनोन्महिने बसलेला व्यापारी भाड्याने घर घेतो, बाजारापुरती भाषा शिकतो, कधी संसारही थाटतो. मिश्र वस्त्या अशा वाट बघण्यातून उगवतात, राजाच्या फर्मानातून क्वचितच.

भाचीच्या देशात सगळे मिरची घातलेली आमटी ओरपत होते. मिरची मूळची अमेरिकेची, आपल्याकडे पोर्तुगीजांच्या काळात आली. त्याआधी तिखटाला मिरी असे. "तुझ्याकडे कुठलं जहाज आणतं?" मी विचारलं.

तिने एक राजघराणं खोडलं, तिथे मिठागर काढलं आणि पेन्सिल घाटावर टेकवून म्हणाली, "मामा, इथे जकात कोण घेणार?"