फिल्म-रोल : विमानप्रवास व धुलाई (बेळगाव सीमाभाग)

न धुतलेला (डेव्हलप न केलेला) फिल्मचा रोल विमानाने नेताना तपासणीतल्या क्ष-किरणांपासून जपणे आणि परत आल्यावर तो धुणे किंवा धुऊन घेणे, एवढा या नोंदीचा आवाका आहे. बेळगावचा विमानतळ शहराच्या पूर्वेला सुमारे 10 किमी.वर सांबऱ्याला आहे. धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, बहुधा 1942 ची. नव्या टर्मिनलचे उद्‌घाटन 2017 मध्ये झाले. निपाणीकरांना कोल्हापूरचे उजळाईवाडी विमानतळ जवळ पडते.

फिल्मच्या जिलेटिनमध्ये सिल्व्हर हॅलाइडचे स्फटिक असतात. प्रकाशाने एक स्फटिक धुण्याजोगा व्हायला थोड्या अवधीत काही फोटॉन त्यावर पडावे लागतात. क्ष-किरणाचा एकच फोटॉन पुरतो. म्हणून इथे सुरक्षित अशी खालची मर्यादा सांगता येत नाही, आणि प्रत्येक तपासणीचा परिणाम आधीच्या परिणामात मिळत जातो. वेगवान, म्हणजे कमी प्रकाशातही चालणाऱ्या, फिल्मचे स्फटिक मोठे असल्याने ती आधी बिघडते. निगेटिव्हवर फॉग (धुरकट काळसरपणा) चढून सावलीतला तपशील जातो आणि दाणा उठून दिसतो. स्लाइडवर काळा रंग फिका पडतो. धुतलेल्या निगेटिव्हला आणि डिजिटल कार्डाला यातले काही होत नाही. इन्स्टॅक्सची (झटपट फोटो देणाऱ्या कॅमेऱ्याची) पाकिटे मात्र आयएसओ 800 ची (आयएसओ म्हणजे वेगाचा आकडा) फिल्मच आहेत, हे लग्नाच्या फोटोवाल्यांनी ध्यानात ठेवावे.

हातातल्या बॅगेच्या जुन्या यंत्रांसाठी 'आयएसओ 800 च्या खाली चिंता नाही' हा नियम रूढ आहे. त्याच्या अर्थाबद्दल मात्र एकमत नाही. एक मत डब्यावर छापलेला वेग धरते. दुसरे मत रोल कसा वापरला ते बघते : 400 चा रोल 1600 चा समजून फोटो काढले आणि धुलाईचा वेळ वाढवला (याला पुश करणे म्हणतात), तर क्ष-किरणांचा फॉगही त्याच प्रमाणात वर येतो. अमेरिकी विमानतळ-सुरक्षा यंत्रणेच्या सूचनांत कमी प्रकाश मिळालेले, पुश करायचे आणि पाचपेक्षा जास्त वेळा तपासले जाणारे रोल हाताने तपासून घ्यावेत असे आहे. दुसऱ्या मताकडे झुकणे शहाणपणाचे.

बॅगेचे सर्व बाजूंनी त्रिमितीय चित्र घेणाऱ्या नव्या सीटी यंत्रांना हा नियम लागूच पडत नाही. त्यांत किरणांचा मारा बराच जास्त असतो, आणि इलफर्डसारखे फिल्म-उत्पादक कोणत्याही वेगाचा रोल त्यांतून नेऊ नका असे सांगतात. लॅपटॉप बॅगेतच राहू द्या असे सांगितले आणि यंत्राचे तोंड गोल, पिंपासारखे दिसले, तर ते सीटी समजावे. चेक-इन सामानात रोल कधीच टाकू नये. तिथल्या यंत्राला काही संशयास्पद वाटले की बारीक, तीव्र झोत त्या जागेवर सोडला जातो; रोलवर 1 ते 1.5 सेंमी. रुंदीचे पट्टे उमटतात आणि गुंडाळीमुळे ते नागमोडी होतात. शिशाच्या पिशवीचा फारसा उपयोग नाही. पडद्यावर काळा डाग दिसला की बॅग उघडतात किंवा पुन्हा यंत्रात घालतात.

सीमाभागातल्या प्रवाशाची खरी अडचण तपासणीच्या फेऱ्यांची आहे. परदेशी जायचे तर बेंगळुरू, हैदराबाद किंवा मुंबईला विमान बदलावे लागते. जाताना सांबरा आणि बेंगळुरू, येताना परदेशी विमानतळ आणि पुन्हा बेंगळुरू, अशा चार तपासण्या धरून चालावे. उतरल्यावरचे कस्टमचे यंत्र आणि वाटेतल्या मेट्रोचे यंत्र वेगळेच. पाचाची मर्यादा एका सहलीतच ओलांडली जाते. निघताना रोल डब्यांतून काढून पारदर्शक झिप-पिशवीत ठेवावेत, कॅमेरा रिकामा ठेवावा आणि रांग लहान असताना जवानाला हिंदीत शांतपणे विचारावे : 'फोटो की फिल्म है, हाथ से देख लीजिए.' भारतात हा प्रवाशाचा हक्क मानला जात नाही. नकार मिळाला तर वाद घालू नये. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे रोल तिकडेच धुऊन निगेटिव्ह आणणे. बेंगळुरूपर्यंतच जायचे असेल तर राणी चन्नम्मा एक्सप्रेस बरी. लॅबला कुरिअर करताना पार्सल रस्त्याने जाईल असे ठरवून घ्यावे, कारण हवाई मालाचीही क्ष-किरण तपासणी होते.

रंगीत रोलची सी-41 प्रक्रिया (1972 पासून) 37.8 अंश से. तापमानाला 3 मिनिटे 15 सेकंद डेव्हलपर (चित्र उमटवणारे रसायन) मागते. लॅबकडे रोल कमी येत असतील तर केमिकल पडून पडून थकते आणि रंग एका बाजूला झुकतो. म्हणून लॅबमध्ये आठवड्याला किती रोल धुतले जातात हे आधी विचारावे.

कृष्णधवल रोल घरी धुता येतो. इलफर्डच्या एचपी 5 प्लस या फिल्मला डी-76 या डेव्हलपरमध्ये 20 अंशांना साडेसात मिनिटे लागतात. उन्हाळ्यात नळाचे पाणी 25 च्या पुढे गेले की वेळ पाच मिनिटांखाली येतो आणि धुलाई सारखी होत नाही. तेव्हा डेव्हलपरमध्ये तितकेच पाणी मिसळावे : 20 अंशांना 11 मिनिटे, 24 ला साडेसातच्या आसपास. हायपो (चित्र पक्के करणारे फिक्सर) आणि धुण्याचे पाणीही जवळपास त्याच तापमानाचे हवे, नाहीतर जिलेटिन सुरकुतते. अथणी, रायबाग, गोकाककडच्या बोअरचे पाणी जड असेल तर वाळताना क्षारांचे डाग राहतात. शेवटचे पाणी डिस्टिल्ड घेऊन त्यात वेटिंग एजंटचे (पाणी थेंब न धरता निथळू देणाऱ्या द्रवाचे) थेंब टाकावेत. खानापूर भागात पावसाळ्यात निगेटिव्ह वाळायला वेळ लागतो, आणि ओलसर असतानाच पाकिटात घातली तर बुरशी धरते. क्ष-किरणांचा संशय असलेला रोल पुश करू नये. डेव्हलपरमध्ये थोडे बेंझोट्रायझोल (फॉग रोखणारे रसायन) घातल्यास फॉग काहीसा दबतो, पण फिल्मचा वेगही थोडा उतरतो.