चिलट (ड्रॉसोफिला) : पेशीतील रेणू व चयापचय यांच्या अभ्यासातील वापर

रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या वखारीमागे काळ्या पडलेल्या फण्यांवर जी बारीक तांबूस माशी घोंगावते, ती चिलट. शास्त्रीय नाव ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर. लांबी जेमतेम ३ मिमी., डोळे विटकरी लाल. पेशीत कोणता रेणू कोणाशी जुळतो, साखर आणि चरबी कुठे साठते व कशी खर्च होते, हे शोधण्यासाठी ही माशी शंभराहून अधिक वर्षे प्रयोगशाळांत वाढवली जात आहे.

आधी नावाचा घोळ. शेतकरी जिला फळमाशी म्हणतो आणि आंब्याच्या बागेत, गिलके-कारल्याच्या मळ्यात जिच्यासाठी सापळे टांगतो, ती टेफ्रिटिडी कुळातली. ती धडधाकट फळाला टोचून आत अंडी घालते. चिलट तसे करत नाही. ते आंबू लागलेल्या फळाच्या व त्यावरील यीस्टच्या वासाने येते, यीस्ट खाते आणि तिथेच अंडी घालते. इंग्रजीत दोघींना फ्रूट फ्लाय म्हणत असल्याने मराठी बातम्यांत निरुपद्रवी चिलटावर किडीचा ठपका बसतो. वखारीवरची सगळी चिलटेही एकाच जातीची नसतात. त्या घोळक्यात ड्रॉसोफिला अनानासी किंवा अंगावर पांढऱ्या रेघा असलेली झाप्रिओनस इंडियानसही असू शकते. दोन्ही भारतात सर्रास आढळतात.

अभ्यासाला ती सोयीची आहे. गुणसूत्रांच्या ४ जोड्या, २५° से. तापमानाला अंड्यापासून माशी सुमारे १० दिवसांत तयार. १९१० मध्ये टॉमस हंट मॉर्गन यांना पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला, तेव्हापासून तिच्या जनुकांचा हिशेब ठेवला जात आहे. संपूर्ण जनुकसंच २००० मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाच्या रोगांशी निगडित जनुकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जनुकांची जोडीदार जनुके तिच्यात आहेत.

चयापचयाच्या दृष्टीने सर्वांत सुंदर प्रयोग डोळ्याच्या रंगाचा आहे. चिलटाच्या डोळ्यात तपकिरी व लाल अशी दोन रंगद्रव्ये असतात. व्हर्मिलियन आणि सिनाबार या दोन वाणांत तपकिरी रंग तयारच होत नाही, म्हणून डोळा भडक लाल दिसतो. १९३० च्या दशकात जॉर्ज बीडल आणि बोरिस एफ्रुसी यांनी एका अळीची डोळ्याची कळी (जिच्यातून पुढे डोळा घडतो तो पेशींचा पुंजका) काढून दुसऱ्या अळीच्या पोटात रोवली. व्हर्मिलियनची कळी सिनाबारच्या पोटात वाढली की नेहमीचा विटकरी रंग धरी. उलट केले तर सिनाबारची कळी भडकच राही. म्हणजे सिनाबारच्या शरीरात पहिल्या टप्प्याचा पदार्थ तयार होत होता, अडत होते ते पुढच्या टप्प्यावर. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून कायनुरेनिन, त्यापासून पुढचा पदार्थ आणि शेवटी तपकिरी रंग, ही साखळी पुढे रसायनशास्त्राने उलगडली. पण टप्प्यांचा क्रम नुसत्या रंगावरून आधीच कळला होता.

साखरेचा कारभारही ओळखीचा वाटावा असा. चिलटाच्या रक्तद्रवात मुख्य शर्करा ट्रेहॅलोज. यकृत आणि चरबी या दोहोंची कामे मेदपिंड करतो. मेंदूतील मोजक्या पेशी इन्शुलिनसारखी प्रथिने सोडतात. २००२ मध्ये या पेशी नष्ट करून पाहिल्या, तेव्हा माशा खुरटल्या, त्यांची वाढ लांबली आणि रक्तद्रवातील साखर चढली.

रेणूंचे परस्परसंबंध शोधण्याची युक्ती विहिरीवरच्या मोटारीसारखी आहे. व्होल्टेज पुरेसे असताना किरकोळ दोष लपतो. मोटार जेमतेम चालत असली की तोच दोष तिला बंद पाडतो. माशीचा डोळा अनेक छोट्या घटकांचा बनलेला असतो. त्यातल्या प्रत्येक घटकातील सातव्या प्रकाशग्राही पेशीला सेव्हनलेस या प्रथिनामार्फत शेजारच्या पेशीकडून निरोप मिळतो. संशोधकांनी हे प्रथिन जेमतेम चालेल इतके दुर्बळ केले आणि दुसऱ्या कोणत्या जनुकाची मात्रा निम्मी झाली की सातवी पेशी हरपते ते तपासले. १९९१ मध्ये त्यातून रास हे प्रथिन त्याच साखळीतले असल्याचे दिसले. माणसाच्या अनेक कर्करोगांत बिघडते तेच हे रास.

खान्देशी उन्हाशी या माशीचे वेगळे नाते आहे. १९६२ मध्ये इटालियन संशोधक फेरुच्चो रितोसा यांना चुकून तापलेल्या अळ्यांच्या लाळग्रंथींतील गुणसूत्रांवर नवे फुगवटे दिसले. उष्णतेने काही जनुके एकदम जागी होतात, हे त्यातून कळले. त्यांची प्रथिने उष्णतेने विस्कटलेल्या इतर प्रथिनांना धरून त्यांची घडी सावरतात. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात सुभाष लखोटिया यांनी याच प्रतिसादावर दीर्घकाळ काम केले. चिलटाला मात्र ही ढाल एका मर्यादेपर्यंतच पुरते. तापमान सतत ३०° च्या आसपास राहिले तरी नर वांझ होतात. जळगावात मे महिन्यात पारा ४५° कडे झुकतो, म्हणून तिथे चिलटे पाळायची तर बाटल्यांना थंड पेटी लागतेच. बाकी सामान बहुतेक घरचेच : मक्याचे पीठ, साखर, यीस्ट, खाद्य घट्ट करणारे अगर-अगर, बुरशी रोखायला थोडे प्रोपिऑनिक आम्ल आणि तोंडाला कापसाचा बोळा. पाच-सहा दिवसांनी अळ्या लगद्यातून वर येतात, काचेला चिकटतात आणि तिथेच कोष करतात. सूक्ष्मदर्शकाशिवाय हे सारे दिसते. जीवशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ते एकदा तरी पाहावे, असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते.

काही गोष्टींना ही माशी उपयोगी नाही. तिला कोलेस्टेरॉल स्वतः बनवता येत नाही, ते अन्नातूनच घ्यावे लागते; त्यामुळे शरीरात कोलेस्टेरॉल कसे तयार होते हे तिच्यात अभ्यासता येत नाही. तिच्यात प्रतिपिंडेही नसतात. तिच्यावर गुणकारी ठरलेले औषध सस्तन प्राण्यांत पुन्हा तपासावेच लागते.