गोदावरीच्या दुसऱ्या टोकाचे शंख : पार्श्वभूमी

नाशिककडचा, म्हणजे गोदावरीच्या उगमाकडचा, ब्रह्मगिरी, पांडवलेणी, अंजनेरी हा सगळा काळा पाषाण जमिनीवर पसरलेल्या लाव्हाचा. त्यात समुद्री शंख मिळायचा नाही. सिन्नरकडे विहिरी आणि खाणी खणताना निघतात ते झिओलाइटचे, म्हणजे लाव्हाच्या पोकळ्यांत तयार होणाऱ्या खनिजाचे, स्फटिक. दख्खनच्या लाव्हाशी जोडलेले समुद्री शंख पाहायचे तर गोदावरीच्या काठाने थेट आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत जावं लागतं. तिथे कातेरू आणि पांगडीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये, तर दुडुकुरूला लाव्हाच्या खाली, शंखशिंपल्यांचे थर आहेत. तिथल्या लाव्हाची रासायनिक घडण सह्याद्रीतल्या आंबेनळी-महाबळेश्वरच्या लाव्हाशी जुळते. त्यामुळे त्या शंखांचं वय ठरलं की सह्याद्रीच्या वयालाही आधार मिळतो, आणि वय ठरवायला आधी शंखाचं नाव ठरावं लागतं.

प्राण्याला वंश आणि जात अशी दोन नावं देण्याच्या द्विनाम पद्धतीची सुरुवात १७५८ सालची. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांच्या सांध्यावर पॅरिस परिसरातल्या जीवाश्म शंखांवर जे काम सुरू झालं, त्याच सुमारास, १७९९ मध्ये, टरिटेला हे लांब निमुळत्या समुद्री शंखांच्या एका वंशाचं नाव आलं. दख्खनच्या लाव्हाच्या वयावरून आपल्याकडे झालेल्या वादात हेच नाव पुन्हा पुन्हा येतं.

राजमहेंद्रीच्या शंखांचं सविस्तर वर्णन १८६० मध्ये लंडनला छापलं गेलं. त्यात हे थर इओसिन काळातले, म्हणजे डायनासोर संपल्यानंतर बऱ्याच काळाने आलेले, ठरवले होते. दक्षिणेतल्या क्रेटेशियस, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या काळातल्या, शंखांशी या जाती जुळत नाहीत, असा युक्तिवाद होता. दोन दशकांच्या आत, १८७९ च्या भारतीय भूशास्त्राच्या ग्रंथात, दख्खनचा लाव्हा क्रेटेशियसच्या अखेरीस नेला गेला. १९३० च्या दशकात जीवाश्म वनस्पतींच्या जोरावर तो पुन्हा इओसिनमध्ये आला. शेवटी किरणोत्सर्गी मोजमापांनी ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपासचा आकडा पक्का केला. २००८ मध्ये राजमहेंद्रीच्याच थरांतल्या सूक्ष्म समुद्री जीवांवरून दिसलं, की तिथला खालचा लाव्हा डायनासोरांच्या अंताच्या वेळेपाशी संपतो आणि मधले थर त्यानंतर लगेचचे आहेत. १८७९ चा अंदाज जवळचा होता. तरीही त्याला पन्नास वर्षांनी बाजूला सारलं गेलं, हे मला आजही खटकतं.

दोष सगळा माणसांचा नाही. टरिटेला ओळखणं खरोखर अवघड आहे. मळसूत्रासारखा लांब निमुळता शंख अनेक वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे घडला आहे, त्यामुळे नुसत्या आकारावर भिस्त ठेवता येत नाही. खरी ओळख दोन ठिकाणी असते. एक, वाढीच्या रेषांना पडलेला बाक. दोन, अगदी सुरुवातीच्या वेढ्यांवर कोणती उभार रेघ आधी उमटली आणि कोणती नंतर. आणि नेमकं टोकच तुटलेलं असतं. शिवाय शंखाचा मूळ पदार्थ, म्हणजे अ‍ॅरागोनाइट हे चुन्याचं खनिज, सहज विरघळतो. मग हाती राहतो आतल्या गाळाचा साचा, ज्यावर बाहेरची नक्षी नसते. अशा साच्याला जातीचं नाव देणं म्हणजे धाडसच, पण एकोणिसाव्या शतकात ते सर्रास झालं. घोटाळा किती लांब जातो, याचा नमुना अमेरिकेत आहे. वायोमिंगचा प्रसिद्ध ‘टरिटेला अगेट’ आजही याच नावाने विकला जातो, पण त्यातली गोगलगाय गोड्या पाण्यातली, एलिमिया वंशाची.

जाती-वंशांच्या वरच्या पातळीवर, म्हणजे शंखांच्या कुळांच्या वर्गीकरणात, झालेली उलथापालथ अलीकडची आहे. मऊ शरीर आणि डीएनए यांवर उभारलेली २००५ ची मांडणी जुन्या कप्प्यांना मोडणारी होती, २०१७ मध्ये ती पुन्हा सुधारली गेली. जीवाश्माकडे यातलं काहीच नसतं, त्यामुळे अनेक जुने वंश कोणत्या कुळात बसवायचे हे केवळ कवचावरून ठरवावं लागतं.

कवचातूनही पूर्वी न दिसणारं बरंच काही आता दिसतं. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या जीवाश्म कोन (शंकूच्या आकाराच्या) शंखांना अतिनील प्रकाशात धरल्यावर फिकट कवचांवर मूळ रंगांची नक्षी चमकली. २०१५ च्या त्या अभ्यासात २८ जाती नोंदल्या गेल्या, त्यांपैकी १३ नव्या. राजमहेंद्रीच्या साच्यांना हा उपाय लागू पडणार नाही, कारण चमकायला मूळ कवच शिल्लक हवं.

नव्या जातीसाठी नियमही कडक झाले. २००० पासून नाव देताना मूळ नमुना कोणता हे स्पष्ट सांगावं लागतं, आणि तो कुठल्या संग्रहात आहे किंवा ठेवला जाणार आहे हेही. २०१२ मध्ये केवळ इंटरनेटवर प्रसिद्ध झालेल्या कामातली नावंही मान्य झाली, मात्र नोंदणीच्या अटीवर. जुन्या नावांना हे लागू नाही. १८६० च्या जातींचं आज पुनर्परीक्षण करायचं तर तेव्हाची चित्रं आणि इंग्लंडला गेलेले नमुने यांच्यापासूनच सुरुवात करावी लागते, मग अभ्यासक भले पांगडीच्या खाणीत ताजा शंख हातात घेऊन उभा असो.