संगणकाच्या चुकीला जबाबदार कोण? प्रश्नाची पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी गणिती नॉर्बर्ट वीनर विमानविरोधी तोफांचा नेम साधणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेवर काम करत होते. अशी यंत्रं उद्या कारखान्यात येतील आणि माणसांचा रोजगार जाईल, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं. १९४७मध्ये त्यांनी क्षेपणास्त्रांच्या कामासाठी आपलं संशोधन द्यायला जाहीर नकार दिला. १९४९मध्ये वाहन कामगारांचे नेते वॉल्टर रॉयथर यांना पत्र लिहून त्यांनी येऊ घातलेल्या बेकारीबद्दल सावध केलं. ज्यांच्या पोटावर पाय येणार, त्यांनाच आधी सांगणारा शास्त्रज्ञ विरळाच.

पुढे सरकारी दप्तरं संगणकात गेली आणि खासगीपणाचा प्रश्न उभा राहिला. जर्मनीतल्या हेसेन राज्याने १९७०मध्ये जगातला पहिला माहिती संरक्षण कायदा केला.

पण माझ्या मते या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं प्रकरण थेरॅक-२५चं आहे. कर्करुग्णांना किरणोपचार देणारं हे कॅनडात बनलेलं यंत्र. आधीच्या यंत्रांत मात्रा चुकली तर उपचार रोखणारी स्वतंत्र यांत्रिक व्यवस्था होती. इथे ती काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली. १९८६मध्ये टेक्सासमधल्या टायलर इथे ऑपरेटरने उपचाराचा प्रकार ठरवणाऱ्या एका अक्षराऐवजी दुसरं टाइप केलं आणि लगेच दुरुस्त केलं. पडद्यावर सगळं बरोबर दिसत होतं. यंत्रातल्या चुंबकांची जुळणी व्हायला मात्र सुमारे ८ सेकंद लागत आणि त्या अवधीत झालेली दुरुस्ती प्रोग्रामच्या लक्षातच येत नसे. ‘मॅलफंक्शन ५४’ एवढाच संदेश आला. त्याचा अर्थ ऑपरेटरला कोणी सांगितलेला नव्हता. रुग्णाला प्रचंड मात्रा बसली आणि काही महिन्यांनी तो दगावला. जास्त मात्रा जाणं शक्यच नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. तीन आठवड्यांत तिथेच दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत तेच घडलं. मग रुग्णालयातल्या भौतिकशास्त्रज्ञाने त्या ऑपरेटरच्या मदतीने बिघाड पुन्हा घडवून दाखवला. १९८५ ते १९८७ या काळात असे किमान ६ अपघात झाले.

तोवर संगणकाच्या वापरातली नीतिमत्ता हा विषय विद्यापीठांत शिकवला जाऊ लागला होता, व्यावसायिक संघटनांच्या आचारसंहिताही आल्या होत्या. त्या चांगल्याच आहेत, पण डॉक्टरचा परवाना रद्द होतो, तसा प्रोग्रामरचा होत नाही. बहुतेक ठिकाणी त्याला परवाना लागतच नाही. कायदा मात्र हळूहळू पुढे सरकतो आहे. केवळ संगणकाने घेतलेल्या गंभीर परिणामांच्या निर्णयाला आव्हान देण्याचा आणि त्यात माणसाने लक्ष घालावं अशी मागणी करण्याचा हक्क युरोपीय संघातल्या नागरिकांना २०१८पासून मिळाला आहे.