पाणी कुठे ठेवायचं, कुठे नाही: वाळवंटी उन्हाळ्यात उभी राहणारी तुमची मोटरहोम

मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, चार-पाच महिने आमच्याकडे उभी करायची म्हटलं की बरेच ग्राहक थंड प्रदेशातली यादी घेऊन येतात. टाक्या रिकाम्या करा, बॅटरी सोडवा, कव्हर घाला, कुलूप लावा. बर्फात ही यादी चालते. वाळवंटात ती अर्धीच उपयोगी पडते, कारण इथे पाइप गोठून फुटण्याचा प्रश्न नसतो, प्रश्न असतो सगळं सुकून जाण्याचा.

बाहेर ४५ अंश असताना बंद गाडीच्या आत पारा ६० च्या पुढे जातो आणि हवेत ओल जवळजवळ नसतेच. अशा हवेत बॅटरीतलं पाणी, सिंकखालच्या नळीतलं पाणी, रबराचा मऊपणा, लाकडातली ओल, सगळं रोज थोडं थोडं उडत असतं. म्हणून गाडी ताब्यात घेताना आम्ही आधी एवढंच ठरवतो, की पाणी कुठे राहायलाच हवं आणि कुठे थेंबही नको.

थेंबही नको अशा जागा

पिण्याच्या पाण्याची टाकी आणि गीझर पूर्ण रिकामे करा. महिनाभर कोमट राहिलेलं पाणी म्हणजे जंतूंना आयतं घर. सांडपाण्याची टाकीही धुऊन रिकामी हवी.

मैल्याच्या टाकीबद्दल मात्र जरा आग्रहाने सांगतो. नुसती उपसून आणू नका. बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवा, गरज पडली तर तीनदा. तळाला राहिलेला थर या उन्हात भाजून विटेसारखा घट्ट होतो, पातळी दाखवणारे सेन्सर त्याखाली गाडले जातात आणि पुढे कितीही औषध ओतलं तरी तो सहज सुटत नाही. टाकी साफ न करता आलेली गाडी आम्ही ठेवून घेत नाही. आधी साफ करून देतो, मगच उभी करतो.

पाणी हवंच अशा जागा

सिंक, बेसिन आणि न्हाणीच्या मोरीखाली नळीला एक वाकण असतं. त्यात साचलेलं ओंजळभर पाणीच टाकीतला वास घरात येऊ देत नाही. वाळवंटी उन्हाळ्यात ते काही आठवड्यांत आटतं. सप्टेंबरात दार उघडल्यावर जो उग्र दर्प नाकात शिरतो आणि गाद्यांना, पडद्यांना चिकटून बसतो, तो बहुतेकदा या आटलेल्या वाकणातून आलेला असतो. त्यावर उपाय साधा आहे. मोटरहोमच्या पाण्याच्या नळ्यांसाठी मिळणारं गुलाबी, बिनविषारी अँटीफ्रीझ प्रत्येक मोरीत पेलाभर ओता. गोठण्याची भीती नसताना अँटीफ्रीझ कशाला, असं बरेच जण विचारतात. त्यातलं प्रॉपिलीन ग्लायकॉल पाण्यापेक्षा कितीतरी सावकाश उडतं, म्हणून. इंजिनच्या रेडिएटरमध्ये घालतात ते अँटीफ्रीझ मात्र विषारी असतं, ते इथे चालणार नाही.

संडासाच्या भांड्यातल्या रबरी सीललाही ओल लागते. ते सुकून आक्रसलं की भांड्यात पाणी ठरत नाही. त्यावर रबराला चालणारं सिलिकॉनचं वंगण लावा, पेट्रोलियम जेली नको.

आता बॅटरी. साध्या लेड-अॅसिड बॅटरीत प्लेट्स पाण्याखाली बुडालेल्या असायलाच हव्यात. तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की अशी बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो. त्यात गॅस गळतीचा अलार्म, रेडिओचं घड्याळ अशी बारीकसारीक उपकरणं दिवसरात्र वीज पीत असतात. पूर्ण भरलेली बॅटरी स्थिर असताना १२.६ व्होल्टच्या वर दाखवते. १२.४ च्या खाली ती फार दिवस राहिली, तर प्लेट्सवर सल्फेटचा थर धरतो आणि मग चार्जर लावूनही पहिली ताकद परत येत नाही. आमच्याकडे उभ्या गाड्यांना आम्ही तापमानानुसार व्होल्टेज कमी-जास्त करणारा चार्जर लावतो आणि महिन्यातून एकदा झाकणं उघडून पातळी पाहतो. पाणी डिस्टिल्डच घालायचं, नळाचं कधीच नाही. लिथियम बॅटरीचं गणित उलटं आहे. तिला १०० टक्के भरून उन्हात ठेवलं तर ती लवकर म्हातारी होते. साधारण अर्धी भरून, मेन स्विच बंद करून ठेवलेली बरी.

टायर

इथल्या उन्हात टायर झिजून नव्हे, वयाने जातात. नक्षी नव्यासारखी खोल दिसते आणि बाजूच्या भिंतीवर, कंपनीच्या नावाच्या अक्षरांभोवती केसाएवढ्या चिरा पडलेल्या असतात. गुडघ्यावर बसून, बोटाने धूळ पुसून पाहा. त्याच भिंतीवर DOT ने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे छापलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. सहा-सात वर्षं झाली असतील, तर नक्षी कितीही शिल्लक असली तरी जाणकाराला दाखवा.

उभं करताना टायरवर छापलेल्या कमाल मर्यादेत राहून, सकाळच्या थंड वेळी हवा भरा. तापमान १० अंशांनी चढलं की दाब साधारण ४ टक्क्यांनी चढतो, म्हणून दुपारी मोजून हवा सोडू नका; पहाटे ती कमी पडेल. टायर चकचकीत करणारी पेट्रोलियमयुक्त पॉलिश लावूच नका, ती रबर कोरडं करते. चाकांखाली फळ्या, मागेपुढे लाकडी ठोकळे आणि वर पांढरी कव्हरं. ठोकळे पक्के बसले की हँडब्रेक सोडून ठेवलेला चांगला, म्हणजे तो चिकटत नाही.

सावली आणि हवा

उघड्या बाजूंची, फक्त वरून छप्पर असलेली शेड मिळाली तर गाडीसाठी याहून चांगलं काही नाही. ती नसेल तर उत्तर गोलार्धात समोरची मोठी काच उत्तरेकडे करा. कापडी कव्हरबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. वारा असलेल्या उघड्या मैदानात ते नको. कापड रोज फडफडतं, खाली वाळूचे कण सापडतात आणि सहा महिन्यांत रंग खरवडला जातो. त्यापेक्षा चांगलं मेण लावा आणि समोरच्या काचेला बाहेरून चंदेरी पडदा लावा. बाहेरून लावला की उष्णता काचेतून फारशी आत येत नाही.

छतावरचा झरोका बोटभर उघडा ठेवा, त्यावर पाऊस अडवणारी टोपी आणि जाळी असेल तरच. छताच्या सांध्यांवरचं सीलंट चढून पाहा. वाळवंटात पाऊस क्वचित येतो, पण आला की धो-धो येतो आणि उन्हाने तडकलेल्या एका सांध्यातून अख्खी भिंत कुजवून जातो. लाकूड तडकू नये म्हणून काही जण आत पाण्याच्या बादल्या ठेवतात. त्याचा उपयोग होतो, पण बादल्या दर आठवड्याला कुणी भरणार असेल तरच. एकदा भरून निघून गेलात तर फक्त कोरड्या बादल्या सापडतील.

गाडीतून काय उतरवायचं

डिओ, केसांचा स्प्रे, कीटकनाशकाचे डबे, लायटर, शीतपेयांचे कॅन. दाबाच्या डब्यांवर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते आणि आतला पारा ती जूनच्या एका दुपारीच ओलांडतो. आमच्याकडे एकदा एका कपाटात विसरलेला स्प्रे फुटला होता. दार बिजागरीतून निखळलं आणि समोरच्या भिंतीला खड्डा पडला. अग्निशामक नळकांडंही काढून आमच्याकडे द्या, बहुतेकांची मर्यादा ४९ अंशांची असते. औषधं, मेणबत्त्या, पॉवर बँक, लॅपटॉप घरी न्या. फ्रिज रिकामा, कोरडा आणि दार उघडं.

गॅसच्या टाकीचा व्हॉल्व्ह टाकीवरच बंद करा, फक्त शेगडीचा नव्हे. हीटर आणि गीझरच्या बाहेरच्या तोंडांना बारीक जाळी लावा. कुंभारमाशा तिथे मातीची घरटी करतात, कोळी बर्नरच्या नळीत जाळी विणतात. जनरेटर महिन्यातून एकदा तासभर, निम्म्या भारावर चालवतो. इंजिन मात्र पाच मिनिटांसाठी सुरू करून बंद करत नाही, त्याने तेलात ओल धरते आणि बॅटरी उतरते. पेट्रोल असेल तर टाकी जवळजवळ भरून त्यात स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं द्रव्य, घाला.

परत नेताना

निघण्याच्या किमान दोन दिवस आधी कळवा. आम्ही गॅसच्या जोडांवर साबणाचं पाणी लावून गळती पाहतो, पाण्याची टाकी क्लोरीनने धुतो, जाळ्या काढतो, टायरची हवा पुन्हा सकाळीच मोजतो आणि काढून ठेवलेलं अग्निशामक नळकांडं जागेवर लावतो. किल्ली हातात घेण्याआधी आमच्याबरोबर एकदा शिडीवर चढून छत पाहा. उन्हाळ्याने काय केलंय ते तिथे सर्वात आधी दिसतं, आणि सीलंटचं काम निघालं तर ते त्याच दिवशी करता येतं.