गुलाल उतरल्यावर

लातूरकडे स्पर्धा परीक्षेतून पोराची 'पोस्ट निघाली' की फाट्यावर बॅनर लागतो, हलगी कडाडते, उघड्या जीपमधून मिरवणूक निघते. माझा मामेभाऊ नायब तहसीलदार झाला तेव्हा दोन दिवस त्याच्या कानातला गुलाल जात नव्हता. दीड वर्षानं दिवाळीला भेटला, तर तोंड पाडून म्हणाला, "माझ्यासोबत अभ्यास करणारा डेप्युटी कलेक्टर झाला रे." मामी भडकली, "आता ह्याला काय चंद्र आणून द्यावा?"

मामीचं खरं आहे, पण मेंदूचा हिशोबच असा तिरपा. १९९०च्या दशकात मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या, डोपामाइन हे रसायन सोडणाऱ्या पेशींच्या हालचाली टिपल्या. ध्यानीमनी नसताना रसाचा थेंब मिळाला की पेशी उसळत. ठरावीक खुणेनंतर रस मिळतो हे माकडाला कळलं, तसं त्या खुणेलाच उसळू लागल्या. प्रत्यक्ष रस मिळताना ढिम्म. खूण होऊनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी मंदावत. म्हणजे या पेशी मोजतात ती अपेक्षा आणि मिळकत यांतली तफावत. डोपामाइनला सरसकट 'आनंदाचं रसायन' म्हणतात, ते मला म्हणूनच खटकतं.

अर्थात रसाच्या थेंबावरून थेट पगाराच्या स्लिपवर उडी मारू नये. माणसांचं वेगळं पाहावं लागतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली अमेरिकेतल्या प्राध्यापकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कायम झालो तर पुढची काही वर्षं सुखाची, नाही झालो तर दुःखाची, असा सगळ्यांचा अंदाज. ज्यांचा निकाल आधीच लागला होता त्यांना विचारलं, तर कायम झालेले आणि न झालेले यांच्या समाधानात फारसा फरक सापडला नाही.

तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या आपल्याकडच्या मास्तरांना हे वाचून संताप येईल. यावाच. पैसा पोहोचला नाही तिथं गोष्ट वेगळी असते. मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि अर्थशास्त्रज्ञ डीटन यांच्या २०१०च्या अमेरिकी अभ्यासात दिसलं की आजारपण, घटस्फोट, एकटेपणा ही दुःखं कमी उत्पन्नात जास्त बोचतात. सोयाबीन पावसाच्या भरवशावर असलेल्या घराला हे सांगायला अभ्यास कशाला लागतो म्हणा!

मामेभाऊ अजून डेप्युटी कलेक्टरच्या पुस्तकांत डोकं घालून बसतो. मामानं मात्र सोसायटीचा बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज फिटल्याचा कागद, लॅमिनेट करून देव्हाऱ्याशेजारी टांगलाय. आल्यागेल्याला चहाआधी तो दाखवतो.